शनिवारी उचललेला फोन

रविवार, ७ मार्च

ताई,

तुला आणि आईला नमस्कार. भावोजी ड्यूटीवरून आले असतील तर त्यांनाही. महिनाभर पत्र नाही म्हणून तू मनातल्या मनात माझी खरडपट्टी काढून मोकळी झाली असशील, तेव्हा आता कागदावर पुन्हा काढू नकोस. सहावी नापास माणसाला पत्र लिहायचं म्हणजे आधी विषय लागतो. या वेळी आहे.

मला आता पाचव्या मजल्यावर टाकलंय. चौदा खोल्या. चादरी बदलायच्या, टॉवेल ठेवायचे, न्हाणीघर घासायचं, कचरा काढायचा आणि गिऱ्हाईक समोर आलं की हसायचं. आमच्या साहेबाचं नाव आम्ही 'इस्त्री' ठेवलंय. त्याच्या पँटीला सुरकुती नाही आणि तोंडालाही नाही. त्याचा नियम एकच: सांगितलं तेवढं करा, आणि गिऱ्हाइकाच्या फोनला हात लावू नका. दुसरं मी एकदा विसरलो होतो. एका खोलीतला फोन उचलला तर पलीकडून बाईसाहेब, आणि खोलीत भलतीच बाईसाहेब. तेव्हा मला लेखी ताकीद मिळाली. आता पुन्हा हात लावला तर मजला जाणार.

तर ऐक. हॉटेल विमानतळाला लागून आहे, म्हणून विमान बिघडलं की माणसं आमच्याकडे आणून ओततात. शुक्रवारी दुपारी अशीच ओतली. त्यात एक म्हातारं जोडपं होतं, दोघांचं मिळून वय दीडशे तरी. म्हातारबुवांना पोटापर्यंत पांढरी दाढी, एवढ्या उकाड्यात काळा कोट आणि वर काळी हॅट. मॅडमच्या डोक्याला घट्ट रुमाल, केसाचा एक तंतू बाहेर नाही. ऑपरेटरबाई म्हणाल्या, ज्यू आहेत, आणि त्यातही अगदी कडक पाळणारे. ऑपरेटरबाई म्हणजे आमच्या खाली टेलिफोन जोडून देतात त्या, आपल्याच भाषेच्या. हॉटेलातल्या प्रत्येक माणसाच्या घरचं त्यांना ठाऊक असतं.

विमान कंपनीनं सगळ्यांना संध्याकाळी आठचं विमान दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. या दोघांनी नाही म्हटलं. का? तर शुक्रवारी सूर्य बुडाला की त्यांचा शनिवार लागतो, आणि तो शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत चालतो. तेवढ्या वेळात प्रवास करायचा नाही. मग त्यांना रविवार दुपारचं विमान मिळालं. काउंटरवरच्या पोरानं अक्षरशः हात जोडले. आणि ताई, जात कुठे होते ठाऊक आहे? एकुलत्या एक मुलाच्या मेंदूचं ऑपरेशन आहे सोमवारी! आमचा सगळा स्टाफ तोंडात बोट घालून. मुलगा तिकडे खाटेवर आणि हे इकडे खोलीत बसणार!

म्हातारबुवांनी मला दुपारीच सगळं समजावलं, अर्धं इंग्रजीत आणि अर्धं हातवाऱ्यांनी. आपली इंग्रजी तीन शब्दांची: टॉवेल, साबण, सॉरी. तरी कळलं. दिवा लावायचा नाही, मालवायचा नाही. लिफ्ट नाही, लिहायचं नाही, फोन नाही. न्हाणीघराच्या बटणावर माझ्याकडून चिकटपट्टी लावून घेतली, सवयीनं कुणाचा हात जाऊ नये म्हणून. दार उघडलं की लागतो म्हणून फ्रिजमधला बल्ब माझ्याकडून काढून घेतला. खाणं त्यांचं त्यांच्याबरोबरच होतं, डब्यात. मी विचारलं, "मग सर, करता काय दिवसभर?" तर हसले. म्हणाले, "बसतो." मला पाच मिनिटं बस म्हटलं की बुडाला मुंग्या येतात, हे तुला वेगळं सांगायला नको.

आणखी एक म्हणाले. "सूर्य गेला की आम्ही तुला काही सांगणार नाही. सांगणंसुद्धा चालत नाही. तू आपणहून काही केलंस, तर ती तुझी मर्जी."

मुलाचं मला ऑपरेटरबाईंकडून कळलं. शुक्रवारी म्हातारबुवांनी त्यांच्याकडून पुतणीला फोन लावून घेतला होता, तेव्हा त्यांनी कान टवकारले असणारच. मुलगा अकरा वर्षांपूर्वी त्यांचं पाळणं-बिळणं सगळं सोडून दूर गेला. तेव्हापासून बोलणं नाही. ऑपरेशनचं पुतणीनं कळवलं म्हणून हे न बोलावता निघाले.

आणि शनिवारी दुपारी त्यांच्या खोलीतला फोन वाजला. ती दोघं उचलणार नाहीत. इस्त्रीचा नियम म्हणतो, मीही उचलायचा नाही. मी उचलला! पलीकडे मुलगा. मी रिसीव्हर मॅडमच्या कानाशी नेला. अकरा वर्षांनी लेकाचा आवाज ऐकला गं बाईनं. डोळ्यांना नुसती धार.

आज दुपारी गेले. म्हातारबुवा माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. आईला सांग, तुझं पोरगं कुठेतरी कामाला आलं.

तुझा,
भिंगरी


बुधवार, १७ मार्च

प्रिय भिंगरीस,

तुझं पत्र आलं. शेजारच्या मास्तरीणबाईंना वाचून दाखवावं असं पहिलंच. आईनं दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकताना ती डाळ निवडत होती, आणि खडे डाळीत टाकून डाळ सुपाबाहेर काढत होती. काय ते समज.

इकडे बरं आहे. मी शिवणाच्या ढिगात बुडाले आहे. शाळेचे तीस गणवेश आहेत, आणि प्रत्येक आई म्हणते, जरा वाढत्या अंगाचा शिवा. तुझे भावोजी रोज आठ तास बसमध्ये उभे राहून घरी येतात आणि मग जेवतानाही उभे राहतात, सवयीनं. आईचे गुडघे आहेत तसेच.

आता मुद्द्याचं. पत्र तू छान लिहिलंस, पण मला एक सांग. म्हातारबुवा काय म्हणाले ते आहे, तू काय विचारलंस ते आहे, फ्रिजच्या बल्बचंसुद्धा आहे. मुलाचा फोन आला, आईनं ऐकला, आणि तिथून तू एकदम रविवारवर उडी मारलीस. त्या बाई लेकाशी काय बोलल्या? एक अक्षर नाही. अकरा वर्षांनी लेकाचा फोन आल्यावर आई "जेवलास का" एवढं तरी म्हणेलच की.

आणि डोक्यावर हात ठेवून गेले म्हणतोस. तुला लहानपणापासून मी ओळखते. ज्या दिवशी मार खाल्लेला असायचा त्या दिवशी तू घरी येऊन सांगायचास, मास्तरांनी पाठ थोपटली.

खरं काय झालं ते लिही. इथे कुणी तुला ओरडणार नाही. म्हणजे मी ओरडेन, पण तू लांब आहेस.

ताई


रविवार, २८ मार्च

ताई,

तू शिवणकामात चुकून गेलीस, पोलिसात जायला हवी होतीस.

लिहितो. पण आईला सगळं वाचून दाखवू नकोस, किंवा दाखव. तुझं तू बघ.

त्या शनिवारी फोन दोनदा आला. पहिला दहाच्या सुमाराला, तेव्हा मी टॉवेल द्यायला खोलीत होतो. म्हातारबुवा उभ्यानं पोथी वाचत होते, मॅडम खुर्चीत. फोन वाजला आणि दोघंही थिजले. मला वाटलं वयामुळे ऐकू आलं नसेल. मी शहाण्यासारखं बोट दाखवून म्हणालो, "सर, फोन." सर म्हणाले, "हो. फोन." झालं! तिघंही त्या फोनकडे बघत उभे. बत्तीस वेळा वाजला. मी मोजला, दुसरं करणार काय? थांबल्यावर मॅडम त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. म्हातारबुवांनी मला इंग्रजीत सांगितलं, "आमच्यातलं कुणी शनिवारी फोन करत नाही. पुतणी तर नाहीच. करणारा एकच आहे."

म्हणजे बघ ताई, नुसत्या वाजण्यावरून त्यांना कळलं की मुलगा आहे.

मी बाहेर आलो आणि त्या दारापुढून चादरींची गाडी घेऊन उगाच चार चकरा मारल्या. बारा वीसला पुन्हा वाजला. दार उघडंच होतं, मी आत गेलो. मॅडम फोनच्या पुढ्यात उभ्या, आणि दोन्ही हात पाठीमागे, एकानं दुसरा घट्ट धरलेला. मी आलो तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सांगितलं काही नाही, ताई, शप्पथ. नुसतं पाहिलं. मला ते म्हातारबुवांचं आठवलं, तू आपणहून केलंस तर तुझी मर्जी. इस्त्रीही आठवला. म्हटलं, गेला खड्ड्यात, आणि उचलला.

इथपर्यंत मी तुला खरं लिहिलं होतं. रिसीव्हर त्यांच्या पुढे धरला हेही खरं. पण त्या मागे सरकल्या. तापलेल्या तव्याला हात लागावा तशा. मला वाटलं संकोच वाटतोय, मी पुढे झालो. त्या आणखी मागे. होता होता पाठ भिंतीला टेकली. मी रिसीव्हर कानाशी नेला, तेव्हा जायला जागाच नव्हती. तो तिकडून हाका मारतोय, मला उभ्या जागी ऐकू येतंय, आणि या गप्प! मी हातानं खुणावतोय, बोला, बोला की! म्हातारबुवा डोळे मिटून उभे. मला काय ठाऊक, की त्यांनी बोललं असतं तर तो आवाज तारेवरून गेला असता, आणि तेही त्या दिवशी चालत नाही. उचलणं तेवढं चालत नाही, असं मी धरून चाललो होतो.

मग मी घाबरलो. म्हटलं, हा माणूस लाईन बंद समजून ठेवून देईल. म्हणून रिसीव्हर स्वतःच्या कानाला लावला आणि होती नव्हती ती सगळी इंग्रजी गोळा करून म्हणालो, "सर, मदर हिअर. मदर नो टॉकिंग."

पलीकडे काहीच नाही. मग टक्. ठेवला.

टॉवेल, साबण, सॉरी. त्यातला सॉरी तेवढा त्या वेळी आठवला नाही.

मी खाली जाऊन ऑपरेटरबाईंना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, मी फोन उचलला. त्यांनी कानावरचं यंत्र काढून ठेवलं. म्हणाल्या, "अरे शहाण्या! फोन नुसता वाजत राहिला असता तर त्याला कळलं असतं, की शनिवार आहे, आईबाप उचलत नाहीत. तोही त्याच घरात वाढलाय. त्याला फक्त वाजवायचा असेल. आता तुझ्यामुळे त्याला काय कळलं? की आईनं उचलला, आणि बोलायला नाही म्हणाली."

ताई, हे मला आधी का नाही सुचलं? माझ्याहून मंद माणूस त्या हॉटेलात नाही.

चांदण्या दिसल्याबरोबर म्हातारबुवांनी स्वतः फोन लावला. पुतणीकडून वॉर्डात निरोप गेला. उत्तर आलं, त्यालाही बोलायचं नाही.

डोक्यावर हात कुणी ठेवला नाही. म्हातारबुवा जाताना एवढंच म्हणाले, "तू चांगल्या मनानं केलंस." मॅडमनी तर रागानंही पाहिलं नाही, त्याहून वाईट. स्वतः वापरलेले टॉवेल चौघडी करून पलंगावर ठेवून गेल्या. माझ्या हातांना तिथे कामच ठेवलं नाही.

इस्त्रीला सोमवारी कळलं. मला आता तळघरात टाकलंय, धुलाईखात्यात. एका जागी उभं राहून दिवसभर मशीनमध्ये चादरी कोंबायच्या. भिंगरी खिळ्यानं ठोकून ठेवली आहे.

ऑपरेशन होऊन वीस दिवस झाले. काय झालं असेल, हे कुणाला विचारू?

भिंगरी


बुधवार, ७ एप्रिल

भिंगरी,

तुझं पत्र मी आधी एकटीनं वाचलं आणि मग आईला वाचून दाखवलं. गाळलं काही नाही.

मी ओरडणार नाही. ओरडायला तू माझ्या मते चुकलेलाच नाहीस. मला राग आला तो त्या बाईंचा. मी असते ना, तर पहिल्या घंटेला उचलला असता आणि देवाला सांगितलं असतं, तुझं माझं नंतर बघू! पोटचा पोर कानाशी ओरडतोय आणि बाई भिंतीला चिकटून उभ्या. असलं कसलं पाळणं?

हे मी मोठ्यानं बोलले. आई म्हणाली, "गप गं. तुझं तोंड चालतं म्हणून तू बोलशील. तिनं जन्मभर एक गोष्ट धरून ठेवली आणि त्यापायीच पोरगा गेला. आता त्याच्यासाठी तीच सोडायची, तर अकरा वर्षं कशासाठी गेली म्हणायची? आणि धरून ठेवायची, तर हा गेला. तिनं करायचं काय, सांग तू."  मी शिवणाची मशीन चालू केली.

पण आई रात्री जेवली नाही. तिनं दोनदा विचारलं, त्या मुलाला खरं कुणी सांगितलं असेल का.

तू विचारतोस, कुणाला विचारू. तुमच्याकडे रजिस्टरात त्यांचा पत्ता असेल ना? नियम आहे, साहेब आहे, सगळं कळलं. ऑपरेटरबाईंना गळ घाल. नुसतं क्षेमकुशल विचारणारी चार ओळी लिही, त्या इंग्रजी करून देतील.

तब्येतीला जप. ओल्या कपड्यांत दिवसभर उभा राहतोस, पायांना तेल लावत जा.

ताई


रविवार, १८ एप्रिल

ताई,

तुझं पत्र यायच्या आधीच म्हातारबुवांचं आलं. हॉटेलच्या पत्त्यावर, पाकिटावर लिहिलेलं, 'पाचव्या मजल्यावर ज्याने फोन उचलला त्यास'. इस्त्रीनं ते दोन बोटांत धरून तळघरात आणून दिलं. म्हणाला, "तुमचा पत्रव्यवहार वाढलाय." पण फोडलं नव्हतं. एवढं चांगलं म्हणायचं त्याला.

ऑपरेटरबाईंनी जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवलं.  

ऑपरेशन झालं, पण गाठ सगळी निघाली नाही. डॉक्टरांनी आता महिने म्हणायचं सोडलंय, आठवडे म्हणतात. मुलगा शुद्धीवर आहे, बोलतो. वडिलांना रोज अर्धा तास आत घेतो. आईला घेत नाही. मॅडम सकाळी येतात आणि खोलीबाहेरच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसतात. म्हातारबुवांनी लिहिलंय, "मधे एक दार आहे. ते बंदही नसतं."

त्यांनी मुलाला सांगून पाहिलं, शनिवार होता, फोन आम्ही उचलला नाही, हॉटेलातल्या माणसानं उचलला. मुलगा म्हणतो, "वाजत राहिला असता तर मला काही वाटलं नसतं. मी वाजावा म्हणूनच केला होता. पण उचलला गेला, आणि आई बोलत नाही असं मला सांगण्यात आलं. हॉटेलातला माणूस कशाला उचलेल? सांगितल्याशिवाय ते उचलत नाहीत. म्हणजे आईनं त्याला उचलायला लावला आणि सांगायला लावलं." बापाचं बोलणं म्हणजे आईवर पांघरूण, असं त्याला वाटतं. शेवटी लिहिलंय, "तू त्याला लिहिशील का? तू कोण आहेस, आणि काय झालं. तुझ्याशिवाय त्या खोलीत बाहेरचं कुणी नव्हतं." खाली हॉस्पिटलचा पत्ता.

ताई, हे पत्र येऊन पाच दिवस झाले. मी चार वेळा बसलो. एकदा 'साहेब' एवढंच लिहून झालं. एकदा पान भरलं, पण त्यात सगळं माझंच, मला तळघरात टाकलं आणि माझे पाय सुजले. फाडलं. मरणाऱ्या माणसाला काय लिहायचं असतं? तिथे शिकलेला माणूस हवा होता. ऑपरेटरबाई म्हणतात, तुम्ही सांगा, मी लिहिते. पण त्या समोर बसल्या की मी काहीतरी काम आठवून उठतो. मी असाच का? नको तेव्हा हात आपोआप पुढे जातो, आणि आता हवा आहे तर उचलत नाही.

तू लिहून पाठव. तुझ्या अक्षरात, माझ्या नावानं. तुला सुचतं. मी ते जसंच्या तसं उतरून काढीन.

भिंगरी


तार. मंगळवार, २७ एप्रिल

माझ्या पत्राची वाट बघू नको. मी तिथे नव्हते. पाहिलंस तेवढं लिही. आज लिही. ताई.


बुधवार, २८ एप्रिल

साहेब,

तुम्ही मला ओळखत नाही. सहा मार्चला शनिवारी दुपारी बारा वीसला तुम्ही एका हॉटेलात फोन केलात. तो उचलणारा मी. मी पाचव्या मजल्यावर चादरी बदलत होतो. हे पत्र माझ्या भाषेत आहे आणि त्याचं इंग्रजी आमच्या ऑपरेटरबाईंनी केलंय. मी त्यांना सांगितलंय, सुधारू नका, आहे तसं करा.

तुम्हाला वाटेल, हे पत्र तुमच्या वडिलांनी माझ्याकडून लिहवून घेतलं. लिही असं त्यांनीच सांगितलं, हे खरं आहे. म्हणून आधी असं लिहितो जे त्यांना ठाऊक नाही. ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते, त्यांना रिसीव्हरमधलं ऐकू येत नव्हतं. तुम्ही आधी हॅलो म्हणालात. मग एक शब्द म्हणालात. मला तुमची भाषा येत नाही, पण तो आईचा शब्द असणार. तो तुम्ही सात वेळा म्हणालात. चौथ्या आणि पाचव्याच्या मधे तुमच्याकडे कुणीतरी गाडी ढकलत नेली, तिचं एक चाक करकरत होतं. मीही दिवसभर गाडीच ढकलत होतो, म्हणून ते माझ्या ध्यानात राहिलं. आणि शेवटच्या वेळी तुम्ही तो शब्द हळू म्हणालात.

मला फोन उचल असं कुणी सांगितलं नाही. तुमच्या आईनं नाही, वडिलांनी नाही. हॉटेलचा नियम उचलू नको असा आहे. सकाळी दहाला वाजला तेव्हा मी नियम पाळला. तेव्हा बत्तीस वेळा वाजला, आणि तुमच्या आईला तेवढ्यावरूनच कळलं की तुम्ही आहात. दुसऱ्यांदा मला राहवलं नाही. लहानपणापासून मला कुठे थांबायचं ते कळत नाही.

आता त्या काय करत होत्या ते लिहितो. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही, माझ्या बहिणीलाही नाही. तिला मी लिहिलं की त्या भिंतीला टेकून गप्प उभ्या होत्या. ते पुरतं खरं नाही. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो, रिसीव्हर त्यांच्या कानाशी धरून. तुम्ही पहिली हाक मारलीत तेव्हा त्यांनी ओ दिली. आवाज काढला नाही. नुसते ओठ हलले, पण ती ओच होती. माझी आई आतल्या खोलीतून मला ओ देते तेव्हा तोंड असंच होतं. दुसऱ्या हाकेला दिली. तिसऱ्या हाकेला दिली. तुम्ही सात वेळा हाक मारलीत आणि त्यांनी सातही वेळा ओ दिली. शेवटची तुम्ही हळू मारलीत, तर त्यांनीही हळू दिली. म्हणजे आवाज नव्हताच, पण ओठ कमी हलले. हात मात्र पाठीमागेच होते, एकानं दुसरा धरून ठेवलेला.

हे सगळं मी बघितलं. बघत होतो, आणि तरी तुम्हाला म्हणालो की आई बोलत नाही. त्या बोलत होत्या. ते वाक्य माझं आहे, त्यांचं नाही. मला इंग्रजीत तेवढंच येत होतं आणि मी घाबरलो होतो. ही सबब नाही, झालं ते लिहिलं.

मी माफी मागतो, पण तिचं तुम्ही काय करणार? ती राहू द्या.

इथून पत्र पोचायला आठ-नऊ दिवस लागतात. कोणत्या वारी पोचेल ठाऊक नाही. शनिवारी पोचलं तर तुमचे वडील पाकीट फोडणार नाहीत. म्हणून पाकिटावरच इंग्रजीत लिहून घेतलंय, नर्सनं फोडावं आणि खालचं इंग्रजी पान वाचून दाखवावं.

तुमच्या आई बाहेर बाकावर आहेत असं तुमच्या वडिलांनी लिहिलंय. दार उघडंच असतं असंही लिहिलंय. त्यांना एक हाक मारून बघा. त्या दिवशी शनिवार असला तरी चालेल. फोनवरून बोलायला मनाई असते, समोर बसून बोलायला नसते. तुमच्या वडिलांना शुक्रवारी मी विचारलं होतं, दिवसभर नुसते बसता की काही करता? ते म्हणाले होते, बसतो. मी पुढे विचारलं, बोलत पण नाही? तर ते म्हणाले, बोलतो की, दुसरं काय करणार.

तुमचा,
फोन उचलणारा